सही मालकाचीच हाय

माझ्या वडिलांना सगळा वॉर्ड भाऊ म्हणायचा, म्हणून मीही भाऊच म्हणायचे. आमची वस्ती शहरातल्या द्वारका चौकापासून सायकलवर दहा मिनिटांची. आजोबांनी तिथल्या आमच्या जमिनीत झेंडू आणि फुलकोबी घेतली. नव्वदच्या दशकात तिथं प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या आणि भाऊ नगरसेवक झाले.

वस्तीच्या मधोमध मुलांसाठी राखून ठेवलेलं मैदान होतं. तिथं मंगल कार्यालय बांधायचं भाऊंच्या मनात होतं, आणि ते चालवायला माझ्या मामांची संस्था तयारच होती. त्यासाठी महापालिकेला रहिवाशांचा अर्ज द्यायचा होता, की आम्हाला मैदान नको, कार्यालय हवं.

तेव्हा मी दहावीत होते. एका रविवारी दुपारी भाऊंनी मला टेबलाशी बसवलं. पुढ्यात मतदार यादी, कोरे रकाने आखलेले कागद आणि चार-पाच पेनं ठेवली.

"लोकांना विचारलंय मी," ते म्हणाले. "दारोदार फिरून सह्या घ्यायला वेळ नाही एवढंच. तुझं अक्षर चांगलं आहे. पण सगळीकडे एवढं चांगलं काढू नकोस."

मी यादीतलं एकेक नाव बघून सही करत गेले. कधी पेन बदललं, कधी डाव्या हातानं लिहिलं, काही सह्या मुद्दाम गिचमिड केल्या. खरं सांगायचं तर मला मजा आली. भाऊ मध्येच येऊन बघायचे आणि खुशीत मान हलवायचे. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी आइस्क्रीम आणलं.

मतदार यादी जुनी होती. त्यातली तीन माणसं वारलेली होती, हे भाऊंच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

लक्षात आलं ते आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या. त्यांनी कुठूनशी अर्जाची नक्कल मिळवली आणि ती घेऊन घरोघर विचारत फिरले. दोन आठवड्यांनी गावातल्या एका पेपरात बातमी आली, मेलेल्या माणसांच्या सह्या. मास्तरांनी सांगितलं होतं की पस्तीस वर्षं मी वह्या तपासल्या, यातल्या निम्म्याहून जास्त सह्यांमधला 'र' एकाच हाताचा आहे. बातमी वाचून मी माझी इतिहासाची वही उघडली आणि माझा 'र' बघितला.

पहिल्या दिवशी भाऊ म्हणाले, असा अर्ज मी बघितलेलाच नाही. दुसऱ्या दिवशी ते विरोधकांचं कारस्थान झालं. तिसऱ्या दिवशी, कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी अतिउत्साहात केलं असेल, आम्ही शोध घेऊ. ही सगळी वाक्यं ते फोनवर बोलायचे आणि मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायचे. दरवेळी ते तितक्याच चिडून बोलत. फोन ठेवला की आईला विचारत, "आज भाजी कसली आहे?" आई सांगायची. दोघं एकमेकांकडे बघत नसत.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात पत्रकार आले, वस्तीतली पन्नास-साठ माणसंही जमली. माझी एक वेणी घालून झाली होती, दुसरी राहिली होती. भाऊंनी हाक मारली, "बाळा, जरा बाहेर ये."

मी तशीच गेले. त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ही माझी एकुलती एक लेक," ते म्हणाले. "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, त्या सह्या कुणी केल्या ते मला माहीत नाही. मी खोटं बोलत असेन तर..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. मी वर पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अगदी खरं पाणी. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, मान थोडी वर." मी केली. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. दुसरी वेणी कधी घालायची आणि शाळेची बस गेली असेल का, एवढंच डोक्यात होतं.

त्या संध्याकाळी आईनं मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकताना हळूच म्हणाली, "सह्या तूच केल्यास ना?"

"हो."

"कुणाला बोलू नकोस."

नंतर बरेच दिवस मी मला काय होतंय याची वाट बघत होते. भीती अशी वाटत नव्हती. रस्ता ओलांडताना एखादी गाडी येते का, सकाळी उठल्यावर अंग गरम लागतं का, हे मी दुसऱ्या कुणाचं बघावं तसं बघायचे. काही झालं नाही.

चौकशी लागली. एका अधिकाऱ्यानं त्या तीन मेलेल्या माणसांच्या घरांना बोलावणं धाडलं. एक कुटुंब इगतपुरीला रेल्वेच्या नोकरीवर गेलेलं, ते आलं नाही. दुसऱ्या घरातल्या मुलाला भाऊंनीच महापालिकेत चिकटवलं होतं. त्यानं आपल्याला काही ठाऊक नाही असं लिहून दिलं. राहिली एक मावशी. तिचा मळा वस्तीच्या कडेला, तिथली मेथी-कोथिंबीर ती बाजारात नेऊन विकायची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मास्तरांनी तिला विचारलं तेव्हा तिनं साफ सांगितलं होतं, "सही कशी करतील? ते तर अंगठा लावायचे." पेपरात तिचंच बोलणं छापून आलं होतं.

चौकशीच्या दोन दिवस आधी ती आमच्या मागच्या दारी आली. आई बाजारात गेली होती. मी एकटीच होते.

"पोरी, ताप-बीप नाय ना आला?" तिनं विचारलं.

"नाही."

"जेवतीस ना नीट? झोप लागती?"

"हो."

ती पायरीवर बसली. बाजारातून आली होती, पाटी रिकामी होती. "त्या दिशी मी व्हते अंगणात," ती म्हणाली. "भाऊनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तवापास्नं तुझाच घोर लागलाय बघ. मोठ्या माणसांचं काय, ती बोलून जात्यात. खोटं निघालं तर त्याच्यावर नाय येत, ज्याच्या डोक्यावर हात व्हता त्याच्यावर येतं."

मग आईनं बजावलेलं असूनही मी बोलले. का बोलले ते अजून मला नीट सांगता येत नाही. "मावशी, ती सही मी केली."

तिनं पाटी बाजूला सारली. ओरडेल असं वाटलं. ती म्हणाली, "कशी केली? दाव."

मी आतून वही आणली, पायरीवर तिच्याजवळ बसले आणि तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. अर्जावर लिहिलं होतं तसंच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. तिला वाचता येत नव्हतं.

"असं दिसतं व्हय त्यांचं नाव," ती म्हणाली.

तिनं तो कागद फाडून मागितला. मी दिला. चार घड्या करून तिनं तो कनवटीला खोचला, पाटी उचलली आणि गेली.

चौकशीत तिनं सांगितलं, "सही मालकाचीच हाय. मरायच्या आधी शिकले व्हते. कागद जुना असंल." अधिकाऱ्यानं विचारलं, मग आधी अंगठ्याचं का सांगितलंत? ती म्हणाली, म्हातारपणी ध्यानात राहत नाही. तेव्हा ती पन्नाशीचीही नसेल. अधिकाऱ्याला फाइल बंद करायचीच होती, ती त्यानं केली. मास्तर दोनदा तिच्या मळ्यावर जाऊन आले, तिनं त्यांना चहा दिला आणि बोलली काहीच नाही. 'र'चं मग कुणी विचारलं नाही.

चौकात फटाके वाजले. भाऊंच्या गळ्यात हार पडले, हारातली फुलं आमच्याच भाऊबंदांच्या मळ्यातली. भाऊ माइकवर म्हणाले, "एका अडाणी माउलीनं खरं काय ते सांगितलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गच्चीवरून ऐकत होते. भाऊंना ते मनापासून खरं वाटत होतं. तोवर त्यांच्या लेखी त्या सह्या खरंच कुणीतरी दुसऱ्यानं केल्या होत्या. मला हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांचा आवाज अंगणात रडले तेव्हासारखाच दाटला होता.

आईनं मावशीला एक साडी पाठवली. तिनं ती ठेवून घेतली.

मंगल कार्यालय झालं. पुढच्या निवडणुकीत भाऊ आधीपेक्षा जास्त मतांनी आले. माझं लग्नही त्याच कार्यालयात झालं, दुसरीकडे करायचा प्रश्नच नव्हता. मावशी पंक्तीत जेवायला होती. मी नवऱ्याबरोबर जिलेबी वाढायला गेले तेव्हा म्हणाली, "बरी हाईस ना?" मी म्हटलं, "बरी आहे." तिनं अजून एक जिलेबी मागून घेतली.

दोन हजार सालानंतर भाऊंची दोनदा वेगवेगळ्या प्रकरणांत चौकशी झाली. दोन्ही वेळा टीव्हीवर तीच वाक्यं त्याच क्रमानं आली, असा कागद बघितलेलाच नाही, कारस्थान आहे, शोध घेऊ. मी दिंडोरीला सासरी होते. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, तुझे वडील बोलतात छान. मी पोळ्या लाटत असायचे.

त्यांचं राजकारण संपल्यावर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, मी त्यांच्याकडे महिनाभर राहिले. एका दुपारी पेपर वाचून दाखवत होते. त्यात कुठल्याशा पुढाऱ्याची तसलीच बातमी होती. मी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "भाऊ, मैदानाच्या त्या सह्यांचं तुम्हाला कधी काही वाटलं का?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत होते. ते लपवत नव्हते.

"कुठलं मैदान गं?"

मी सांगितलं, कार्यालयाच्या जागी होतं ते.

"तिथं मैदान होतं?" ते म्हणाले. मग उशी सारखी करत, "पुढची बातमी वाच."

मी पुढची बातमी वाचली. धरणातल्या पाण्याची होती.