दादूसचं रविवारचं पत्र

दादूस ही बाई आहे, हे नव्या माणसाला आधी सांगावं लागायचं. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला पुरुषी शर्ट, मानेवर कापलेले केस आणि मासळी बाजाराच्या गलक्यातही वेगळा ऐकू येईल असा आवाज. उरणकडच्या एका आगरी गावात, मिठागरवाल्यांच्या घरात ती जन्मली. तिच्या बोलीत लाडक्या मोठ्या भावाला दादूस म्हणतात. लहानपणी धाकटा भाऊ तिच्या सायकलच्या दांड्यावर बसून गावभर फिरायचा, त्यानेच तिला हे नाव दिलं. पुढे त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. नाव मात्र राहिलं.

पनवेलला आमच्या समोरच्या बिऱ्हाडात ती आणि रुखसानाआपा, तिची रुखी, राहायच्या. आपा इथल्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, उर्दू शाळेत शिकवायच्या. दादूसही एका शाळेत चित्रकला शिकवायची, पण या दोघींबद्दल कुजबुज वाढली तेव्हा राजीनामा देऊन घरी बसली आणि नुसती चित्रंच काढू लागली. बिल्डिंगमधले लोक सोयीसाठी त्यांना मैत्रिणी म्हणत. दादूसला ते चालत नसे. एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, "तुम्ही दोघी मैत्रिणी अजून एकत्रच राहता?" तशी ही म्हणाली, "मैत्रिणी नाय. घर हाय आमचा." असे प्रसंग वरचेवर यायचे, आणि दादूस प्रत्येक वेळी तितक्याच जोरात उत्तर द्यायची. बघणाऱ्यालाच थकायला व्हायचं.

ती दर रविवारी सकाळी ईमेलने एक पत्र पाठवायची. न्यूजलेटर हा शब्द तिला आवडायचा नाही. विषयाच्या ओळीत लिहिलेलं असायचं, 'एका क्वीअर चितारणीचं पत्र'. आत त्या आठवड्याचं चित्र, ते कसं सुचलं त्याची हकिकत, कुणावर तरी काढलेला राग, अडचणीत आधार देणाऱ्या संस्थांचे फोन नंबर, इतर कलाकारांच्या प्रदर्शनांच्या बातम्या, वाचकांचे प्रश्न, त्यांना लांबलचक उत्तरं, आणि शेवटी सोड्याच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, कालवणासारखी एखादी पाककृती. पत्र खाली खाली जातच राहायचं. चित्र मात्र अप्रतिम असायचं. मिठागराच्या वाफ्यातलं पाणी, भरतीचं पाणी शिरणारं खाजण, मागे बंदराच्या उंच क्रेन, आणि कुठेतरी कोपऱ्यात चालणाऱ्या दोन बायका, शोधल्या तरच दिसतील एवढ्या लहान.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती लॅपटॉप काखेत घेऊन आमच्या दारात उभी राहिली. अंगठा दुखत होता, त्याला पट्टा बांधलेला. मी घरी बसून वेबसाइटींचा मजकूर नीट करण्याचं काम करते, हे तिला माहीत होतं.

"बाय, याचा काय तरी कर," ती म्हणाली. "सोमवारपासून लिवाया बसते, शनिवार येतो. ब्रश हातात घेवाया वेळच नाय. दमले मी."

दादूसच्या तोंडून 'दमले' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मग रोज दुपारी आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसू लागलो. मी म्हणायची हे काढू, ती म्हणायची ते नको. पाककृतीवरून तर एक अख्खी दुपार गेली. "चित्रकाराच्या पत्रात कालवण कशाला?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "लोकांना कळू दे ना, आमी पन जेवतो, आमच्या घरात पन मीठ कमी पडतं. त्यांना वाटतं आमी निसत्या मोर्च्यातच असतो." कालवण राहिलं. शाळेतून परतलेल्या आपा चहा ठेवायच्या, आमचं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "काम कमी करायला बसल्यात की वाढवायला, अल्ला जाणे."

अशात पनवेलजवळच्या कोन गावातून एका बाईची ईमेल आली. तिने नाव लिहिलं नव्हतं. लग्न झालेली, सासरी राहणारी. लिहिलं होतं ते थोडंच. 'तुमचं पत्र मला हवं असतं, पण घरात माझा फोन सगळेच हातात घेतात. वरची ओळ कुणी वाचेल म्हणून मी न उघडताच पुसून टाकते. मला नुसतं चित्र पाठवाल का? चित्र कुणी बघितलं तरी चित्रच असतं.'

मी दादूसला म्हटलं, "उत्तर मिळालं आपल्याला. वर फक्त चित्र ठेवू, खाली दोन ओळी. बाकी सगळं वेगळ्या पानावर. ज्याला हवं तो तिथे जाऊन वाचेल. आणि विषयाची ओळ साधी करू, रविवारचं चित्र."

ती खुर्ची मागे सारून उठली. "म्हंजे 'क्वीअर' हा शब्द काढायचा?"

"विषयाच्या ओळीतून फक्त."

"त्या शब्दापायी माजी नोकरी गेली. घर गेला. आयशीचा तोंड नाय बगितला इतकी वर्सं. आता तू सांगतेस, वरशी काड आनि आत लपव? मी परत लपू?"

गॅसपाशी उभ्या आपा वळल्या. एरवी त्या दादूसचं बोलणं मध्ये तोडत नसत.

"तुला कोण लपायला सांगतंय?" त्या म्हणाल्या. "तू चौकात उभी राहून बोल, मी बाजूला उभी आहेच. पण ती बिचारी चौकात नाहीये. ती तिच्या सासरच्या स्वयंपाकघरात आहे. पत्र तुझ्यासाठी आहे की तिच्यासाठी, तेवढं ठरव."

दादूस आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी जायला कचरत होते, तर तीच आली. बिनचहाची, सुजलेल्या डोळ्यांची. म्हणाली, "काड. सगला काड. त्या वेगल्या पानाच्या माथ्याव तो शब्द मोठ्ठा लिव. तितून मी हालनार नाय."

तसंच केलं. जुनी पत्रं विषयवार लावली, नव्या माणसाने कुठून वाचायला घ्यावं ते एका ओळीत सांगितलं, प्रश्नोत्तरांचं पान वेगळं काढलं. पत्र एवढंसं झालं. दादूसचा सोमवार मोकळा झाला आणि ती पुन्हा ब्रश धरू लागली, अंगठा दुखत असतानाही. पण ती खूश होती असं मी म्हणणार नाही. पत्र पाठवायच्या क्षणी दर वेळी पडद्याकडे बघत थोडा वेळ थांबायची.

पावसाळा संपता संपता कोनच्या बाईची पुन्हा ईमेल आली. आता ती चित्र बिनधास्त उघडते. सासूही शेजारी येऊन बसते. एका रविवारी वीज नव्हती, पत्र उशिरा पोचलं, तर सासू दोनदा विचारून गेली, 'आज खाजणाचा चित्र नाय आला का?' दादूसने ते मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चष्मा काढून पुसत बसली.

पत्राची घडी बसली असं वाटत होतं, तोवर गेल्या हिवाळ्यात तिच्या भावाचा फोन आला. तो आता जमिनीच्या व्यवहारात मोठा माणूस झाला होता. आईने अंथरूण धरलं होतं आणि ती फक्त लेकीचं नाव घेत होती. भाऊ म्हणाला, "ये तू. पन येकटीच ये."

मी तिथेच बसले होते. दादूस शांतपणे म्हणाली, "आमी दोगी येव. नायतर कुनीच नाय येनार." आणि फोन ठेवला. नंतरचे दिवस वाईट गेले. ती जेवत नव्हती, चित्र काढत नव्हती. आपा समजावत होत्या, "जा गं, आई आहे. मी नंतर येईन." ती ऐकेना. शेवटी भावाचाच पुन्हा फोन आला. एवढंच म्हणाला, "या दोगी."

आईची काळजी घ्यायला गावीच राहायचं ठरवून त्यांनी बिऱ्हाड आवरलं. आपांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. रंग, पाट्या, हार्डबोर्ड सगळं टेम्पोत चढलं. जाताना दादूस मला म्हणाली, "पत्र थांबव बाय. वाचनाऱ्यांना सांग, आयशीजवल हाय." मी तसं कळवलं. अजूनही कुणी कुणी विचारतं, मी तेच उत्तर पाठवते. समोरच्या दारावर आता दुसऱ्यांच्या नावाची पाटी आहे. रविवारी सकाळी फोन उघडला की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

मध्यंतरी उरणला काम निघालं तेव्हा दादूस बाजारात भेटली. खूप वाळली होती, केस पार पांढरे. भाजीची पिशवी पायाशी ठेवून ती भिंतीला टेकली. मी विचारलं, घरात कसं चाललंय?

"भाऊ बोलत नाय जास्त. त्याची बायको ताट वाडते, तोंड वलवून. चालायचा," ती म्हणाली. "आयशीची वेनी रुखी घालते. मी गेले तर चालत नाय तिला, माजा हात जड हाय म्हनते." मग पिशवी पायाने जवळ ओढून म्हणाली, "परवा बाजूची म्हातारी आली व्हती. रुखी वेनी घालत व्हती, तर ती आयशीला इचारते, ही कोन गो?"

"मग?"

"मी दारात उबी व्हते. तर आय बोलली, माजे लेकीची हाय ती."

तिने पिशवी उचलली. आईच्या जेवणाची वेळ झाली होती.