जेवत्या अमीबाकडे बघू नये

बी.एस्सी. झाल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे केंदूरच्या आमच्या घरावर नावापुढं पदवी लिहिलेली पाटी लावली. तोवर पाटीची गरज नव्हती, आमचं घर कुठलं हे गावात कुणी विचारतच नसे. पण अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. निदान शेजारच्या म्हशींना तरी ते कळावं, एवढीच इच्छा. पुढं मांडवगण फराट्याकडं, भीमेकाठच्या एका नव्या हायस्कुलात सायन्सचा मास्तर झालो, तेव्हा ती पाटी उचकटून ट्रंकेतून तिकडं नेली; सोबत आईही आली.

शाळेत सायन्स होतं, पण खडूचं. अमीबा मी फळ्यावर काढायचो, पोरं वहीत उतरवायची. कुणाचा बटाटा व्हायचा, कुणाचा नवा महाराष्ट्र. मला सूक्ष्मदर्शक हवा होता. कमिटीचे चेअरमन मोठे बागाईतदार, सगळा गाव त्यांना आबा म्हणे. आबा म्हणाले, "मास्तर, बैल घेताना बी आपुन आधी चालवून बघतो. तुमचं यंत्र आणून दाखवा. कमिटीला पटलं तर घेऊ, न्हाईतर फळा हायेच."

दौंडला माझा कॉलेजातला मित्र शिक्षक होता. त्याच्या शाळेचा सूक्ष्मदर्शक एका दिवसाच्या बोलीवर मागितला आणि तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून होडीतून नदीपार आणला. डोहातला कुजका पाला बरणीत घालून अमीबा आधीच पाळून ठेवले होते. त्यांची देखभाल मी इतक्या मायेनं करत होतो की आई म्हणाली, "एवढं म्हशीचं केलं असतंस तर दूध तरी मिळालं असतं."

कमिटी सकाळीच आली. मी भर उन्हाळ्यात कोट घातला होता. खिडकीशी यंत्र मांडलं, आरशानं ऊन पकडलं, काचपट्टीवर थेंब ठेवला. नशीब असं की साबुदाण्याच्या लापशीच्या थेंबासारखा एक अमीबा नेमका एका बारक्या जिवाभोवती हात पसरत होता. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"मंडळी, या जिवाला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही."

"तोंड न्हाई म्हंजी भांडण न्हाई," मागून कमिटीतले आप्पा म्हणाले. "सुखी हाय की."

"तरी हा खातो. अंगाचाच एक भाग पुढं काढतो, भक्ष्याला चहूकडून मिठी मारतो आणि आत घेतो. आबा, या, बघा. आत्ता जेवतोय!"

आबांनी काचेला डोळा लावला. क्षणभर बघितलं आणि चटका बसल्यागत मान मागं घेतली.

"जेवतंय व्हय खरंच?"

"म्हणजे काय! बघा ना नीट."

"छ्या! जेवत्या जिवाकडं डोळं लावून बघायचं असतं का? त्ये बी आपुन सकाळधरनं उपाशी. दृष्ट लागंल."

आबाच उठले म्हटल्यावर बाकीचेही खिडकीबाहेर बघू लागले. मी प्रोटोप्लाझम सांगितला, पेशी सांगितली. उपयोग शून्य. चार वर्षांच्या कॉलेजात दृष्टीचा धडा फक्त भिंगापुरता झाला होता. सूक्ष्मदर्शक तर संध्याकाळच्या होडीनं परत जायचा होता.

शेवटी आबांनीच तोड काढली. "आपुन आधी जेवून घेऊ. भरल्या पोटाची नजर बाधत न्हाई. चला मास्तर."

पण मी कसा जाणार? काचपट्टी सुकली असती. मी तिथंच बसलो, बोटानं पाण्याचा थेंब सोडत, अमीबाचं जेवण बघत. माझ्या पोटात कावळे कोकलत होते आणि तो समोर शांतपणे जेवत होता. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

कमिटी ढेकर देत परतली. आबांनी ऐटीत डोळा लावला. "मास्तर, हे हालंना."

मी बघितलं. अमीबा अंग आखडून गोळा होऊन बसला होता. उन्हानं पाणी तापलं होतं.

"तुम्ही जेवला का?" आबांनी विचारलं.

"नाही."

"आन् त्याच्याकडं बघत बसला?"

"हो."

"म्हंजी तुम्हीच लावली की!"

सगळी कमिटी हसली. माझ्या डोळ्यांपुढून यंत्र होडीत चढून दौंडला चाललं होतं. तेवढ्यात आप्पांनी फडक्यात बांधून आणलेली पिठलं-भाकरी पुढं केली. "खावा आधी." मी कोट घालून बाकावर जेवलो, आणि माझ्याकडं बघायला नको म्हणून अख्खी कमिटी फळ्याकडं तोंड करून बसली. इतक्या अदबीनं मला कुणी कधी वागवलं नव्हतं.

हात धुतला, आरसा उन्हातून वळवला, रांजणातलं गार पाणी सोडलं. थोड्या वेळानं गोळ्याला हळूच एक पाय फुटला. "गार पाण्यानं हालला, आबा," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"व्हय व्हय," आबा म्हणाले. पटलेल्या माणसाचा तो सूर नव्हता.

मग मात्र त्यांनी डोळा काढलाच नाही. "पोटात काळं काय दिसतंय?"

"सकाळचं जेवण. त्याच्याभोवती आत एक बुडबुडा धरलाय, त्यात रस सोडून विरघळवतोय. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच करतात. काटा मोडला, जंतू शिरले, की त्यांना अशीच मिठी मारून पचवतात."

"आमच्या अंगात बी?"

"सगळ्यांच्या."

आबा डोळा तसाच लावून म्हणाले, "आन् त्यांच्याकडं कुणी बघत न्हाई, म्हणून बरं चाललंय."

यंत्र घ्यायचं ठरलं. फक्त आबांनी एक अट घातली आणि हेडमास्तरांनी ती वेळापत्रकात बसवली. मी तिथं होतो तोवर सायन्सचं प्रॅक्टिकल मधल्या सुट्टीनंतरच व्हायचं. दारात एक पोरगं उभं राहून प्रत्येकाला विचारायचं, "जेवलास का?"

मलाही.