धोंडूकाकाचा वस्तरा कधी उलटा फिरला नाही

धोंडूकाका गेला, हे मला शाळेत कळलं. भिसेगावचा एक गाडीवान भाताची पोती घेऊन चौक गावच्या बाजाराला आला होता. तो शाळेच्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, सरूकाकीनं सांगावा धाडलाय. तिचा मालक, धोंडू न्हावी, परवा पहाटं गेला. दहावा भिसेगावलाच नदीवर हाय, जमलं तर या म्हनली." मुलं पाढे म्हणत होती. त्यांना घरी पाठवून दिलं आणि तसाच बसून राहिलो. मला रडू आलं असेल असं कोणाला वाटेल, तर नाही आलं. राग आला. इतका राग आला की समोर कोणी असतं तर काहीतरी अघटित झालं असतं, पण समोर कोणी नव्हतं आणि ज्याच्यावर खरा राग होता तो मीच होतो.

संध्याकाळी गावात आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. पारावर चारपाच जण तंबाखू मळत बसले होते. त्यातला एक म्हणाला, "ऐकलं का मास्तर? तो काळजिभ्या गेला म्हने." हा माणूस वीस वर्षं धोंडूकाकापुढे मान तिरकी करून बसलेला. त्याच्या पहिल्या मुलाचं जावळ धोंडूकाकानं उतरवलं, पोराला एक ओरखडा नाही. आणि आता काळजिभ्या! म्हणजे ज्याच्या तोंडून वाईट निघतं आणि ते खरं होतं, असा माणूस. बारा वर्षं आमचं गाव त्याला ह्याच नावानं ओळखत होतं. त्याचं खरं नाव घ्यायला लोक भीत. तो मेला तोसुद्धा त्याच नावानं मेला, आणि ते नाव पुसणं ज्याच्या एका वाक्यात होतं तो मी, मुलांना रोज 'खरे बोलावे' गिरवायला देणारा मास्तर, मूग गिळून बसलो होतो.

आधी माणूस कसा होता ते सांगतो. आमचं गाव लोधिवलीपासून हाकेच्या अंतरावर. गावचे पाटील म्हणजे माझे वडील, आबा. धोंडूकाका गावचा न्हावी; उंच, वाकलेला, बोलायला कमी. न्हावी म्हटला की गप्पिष्ट असायचा, हा नव्हता. चिंचेखाली धोकटी उघडली की पहिली चूल पेटवायचा. लोक हसत. "अरे धोंड्या, दाढी करतोस का भात रांधतोस?" तो नुसता जाळ पुढे सारायचा. पाणी खळखळ उकळलं की वस्तरा त्यात बुडवायचा, पुसायचा, मग पुढचा माणूस. प्रत्येक माणसाला वस्तरा पुन्हा पाण्यात. इतर गावांत एकाच वाटीतल्या गढूळ पाण्यावर अख्खी आळी उरकायची; आमच्या गावात खोळंबा व्हायचा आणि लोक करवादायचे. उरलेल्या कढत पाण्यात फडकं पिळून तो ते गालावर ठेवायचा आणि मनाशी काहीतरी म्हणत उभा राहायचा. मी लहानपणी विचारलं होतं, काय म्हणतोस? तर म्हणाला, "पाढा म्हनतो रं, बाराचा. बाराचा पाढा सरंस्तवर केस मऊ होत नाय." मग दोन बोटांनी गालावरून सावकाश हात फिरवायचा. केस कुठल्या बाजूला झुकलेत ते बघायचा. हनुवटीखाली केस भलतीकडेच वळतात, हे मला त्यानं दाखवलं. वस्तरा केसांच्या कलानंच न्यायचा, एका जागी एकदाच, दाबायचा नाही. पुटकुळी दिसली की तिला वळसा. शेवटी गार पाणी, तुरटीचा एक हलका हात, आणि ताकीद, "आता सांजंपत्तुर तोंडाला हात लावू नका."

हे सगळं लोकांना नखरे वाटत. गुळगुळीत पाहिजे, गालावरून माशी घसरली पाहिजे, असा हट्ट असायचा. "उलटा मार एकदा," म्हणायचे. तो म्हणायचा, "नाय. उलटा मारला की केस कातडीच्या आत कापला जातो, मग आतल्या आत वळतो, आनि फोड येतो. मला फोड करायचा नाय."

आता माझ्या लग्नाची गोष्ट... तीच सांगायला बसलोय, तरी लेखणी अडते. वैशाखातलं लग्न. माझं वय अठरा. तोंडावर मुरमांचं नुसतं पीक आलेलं, हनुवटीवर दोन पिकलेले फोड. हळदीच्या सकाळी मांडवात नवरदेवाची दाढी, सगळ्यांच्या देखत, हा मान गावच्या न्हाव्याचा. वाजंत्री वाजत होती. धोंडूकाकानं पाटावर बसवलं, फडकं ठेवलं, फडकं काढलं आणि माझं तोंड उजेडाकडे वळवून बराच वेळ बघितलं. मग वस्तरा परत धोकटीत ठेवला आणि कात्री काढली.

"आबा, ह्या तोंडावर वस्तरा नाय चालायचा," तो म्हणाला. "कात्रीनं बारीक करतो, लांबून कोनाला कळनार नाय. आनि हळद गालाला नको, कपाळाला न् हातापायाला लावा. इतकी मान्सं इतके हात लावनार... तोंड सडंल पोराचं."

वाजंत्री थांबली. तोंड सडंल! हळदीच्या दिवशी, नवरदेवाला, भर मांडवात! बायकांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायला धावलं. आबा लालबुंद झाले. "धोंड्या, जीभ हासडून देईन! माज्या पोराला शाप देतोस?"

"शाप नाय आबा, सांगतोय."

"ऊठ. ऊठ हितनं."

तो उठला. धोकटी बगलेत मारली आणि जाताना माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं तो काय म्हणतोय ते. लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी एवढंच म्हणायचं होतं, "आबा, तो बरोबर सांगतोय." नाही म्हटलं. नवरदेवाची मुंडावळी सांभाळत बसलो.

खालापुराकडून दुसरा न्हावी धरून आणला. त्यानं येताना वाटेत किती दाढ्या केल्या होत्या देव जाणे. वस्तरा तळहातावर दोनदा घासला, गार पाणी फासलं आणि सुरू झाला. सुलटा, मग उलटा, मग पुन्हा उलटा. फोड कापले गेले. रक्त आलं तर आबा म्हणाले, "असू दे, हळदीनं बसंल." मग त्या सोललेल्या तोंडाला सगळ्या भावकीनं हळद फासली. कोणी शेण काढून आलेली, कोणी तंबाखू मळून आलेला, आणि प्रेमानं रगडतात ना, तसं रगडलं. दुसऱ्या दिवशी अंतरपाट बाजूला झाला तेव्हा माझा जबडा सुजून डोळ्यापर्यंत आला होता. माझी बायको दचकून एक पाऊल मागे सरकली. ते मला अजून दिसतं.

भादवा उजाडला तरी तोंड वाहत होतं. आणि गावानं निकाल दिला, की धोंड्याची जीभ लागली. त्या खालापूरच्या न्हाव्याला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट गावची न्हावकी त्यालाच दिली! चावडीवर आबांनी सांगितलं, धोंड्यापुढे कोणी बसायचं नाही. ज्यानं धोका ओळखला, तोंडावर सांगितला, स्वतःचा मांडवातला मान सोडला पण वस्तरा लावला नाही, त्याला गावाबाहेर काढलं, कारण तो म्हणाला तसं झालं. अरे, वैद्य म्हणाला ताप चढेल आणि ताप चढला, तर वैद्याला मारता का? पण हे मी आज विचारतोय. तेव्हा तोंडाला फडकं बांधून घरात पडलो होतो.

धोंडूकाका सरूकाकीला घेऊन तिच्या माहेरी भिसेगावला गेला. कर्जत स्टेशनाबाहेर बसू लागला. घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात, तेवढ्या वेळात उतारू उतरून दाढी उरकून घेत. दिवाळीनंतर मी एक दिवस घरी खोटं सांगून कर्जत गाठलं. वाटलं होतं तोंड फिरवेल. त्यानं समोरचा दगड दाखवला. "बस." फडकं सोडून बघितलं आणि त्याचेच डोळे भरले. "काय केलं रं ह्यांनी तुजं... एवढं गोरंगोमटं पोर."

महिनाभर त्यानं मला वस्तरा लावला नाही. कडुनिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी, दर वेळी धुतलेलं नवं फडकं, हात लावायचा नाही, कात्रीनंच केस बारीक करायचे. सरूकाकी पाला काढून ठेवायची. महिन्यानं तोंड सुकलं, खळगे राहिले ते राहिलेच. मग पहिल्यांदा वस्तरा लावला, केसांच्या कलानं, पाढा म्हणत. घरी काय सांगितलं असेल मी? आबा म्हणाले, देवीला नवस केला होता त्याचा गुण आला. कोंबडं कापलं. मी त्याचा रस्सा खाल्ला. थू माझ्या जिण्यावर!

त्यानंतर बारा वर्षं दर पंधरा दिवसांनी मी चोरासारखा कर्जतला जात होतो. त्यानं मला स्वतःची दाढी स्वतः करायलाही शिकवलं, म्हणाला, "मी काय जन्माला पुरनार हाय का?" त्यानं माझ्याकडे मागितलं ते एकच. पहिल्यांदा मागितलं तेव्हा वस्तरा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हरी, एकदा चावडीवर सांग बाबा. मी शाप नाय दिला, मी सांगितलं हुतं. तुज्या तोंडानं सांग, म्हंजे पटंल." मी म्हटलं, आबा जरा निवळू देत. पुढच्या वर्षी म्हटलं, भावकीत तंटा चाललाय, तो मिटू दे. मग त्यानं मागणं सोडलं. शेवटची भेट झाली तेव्हा त्याचा हात कापत होता, दाढी मीच केली, त्याची. गाल पार बसले होते. झाल्यावर त्यानं हनुवटीखाली बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "जमलं रं तुला." एवढंच.

तर पारावर 'काळजिभ्या' ऐकलं आणि मी तसाच चावडीवर गेलो. आबा लोडाला टेकून बसले होते, आठदहा माणसं होती. उभ्यानंच सगळं सांगितलं. वस्तऱ्याचं, हळदीचं, नवसाचं, कर्जतचं. लोक एकमेकांकडे बघत होते. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं? ठाऊक हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"धोंड्या खरं बोलला ह्ये. तुजं तोंड सुजलं त्याच राती कळलं." आणि मला एकदम उमगलं. दर रविवारी नवा न्हावी ओटीवर यायचा, आणि बारा वर्षं आबा त्याला म्हणत, "पानी उकळून घे रं. सरळ फिरव, उलटा नको." मी दर वेळी ऐकत होतो. धोंडूकाकाची सगळी शिकवण स्वतःच्या गालाला लावून घेतली आणि धोंडूकाकाला गावाबाहेर ठेवला!

"मग बोलला का नाहीत?"

"पाटलानं भर चावडीत चुकलो म्हनायचं? गाव उद्या इचारतं का पाटलाला?" ते उठले आणि धोतर झटकून घरी गेले. जेवायला माझी वाटही बघितली.

दहाव्याला मी भिसेगावला गेलो. सरूकाकी नदीच्या काठावर बसली होती. पिंड झाल्यावर धोंडूकाकाच्या पुतण्यानं कर्जतच्या न्हाव्याकडून स्वतःचं डोकं, मिशी उतरवून घेतली. मग मी त्याच न्हाव्यापुढे बसलो आणि म्हटलं, "माझी मिशी काढ." त्याचा हात थांबला. बाप जिवंत असताना आमच्याकडे कोणी मिशी काढत नाही. मिशी उतरवली म्हणजे बाप गेला. "मास्तर, पाटील हायेत ना?" मी म्हटलं, "आहेत." "मग मला नाय जमायचं," म्हणून तो उठला. त्याला मी दोष देत नाही. सरूकाकी उठून घरी गेली आणि धोंडूकाकाचा वस्तरा घेऊन आली. मागोमाग कढत पाण्याचं तपेलं. मी फडकं ओठावर धरलं, पाढा म्हटला, ओठ दातांवर ताणला आणि वरून खाली, केसांच्या कलानं, एकेका जागी एकदाच वस्तरा फिरवला. रक्त आलं नाही.

घरी आलो तेव्हा आबा ओटीवर होते. माझ्या ओठाकडे बघत राहिले. मग फार हळू म्हणाले, "मी जिता हाय अजून."

"हो आबा," मी म्हटलं. "ज्यानं माझं तोंड बरं केलं त्याचा दहावा करून आलो."

त्याला आता दीड महिना होत आला. आबा माझ्याशी बोलत नाहीत, मीही बोलत नाही. मिशी मी वाढू दिलेली नाही, रोज सकाळी पाणी उकळतो आणि काढतो. चौकाच्या बाजारात, खालापूरच्या कचेरीत, कुठेही गेलो की माणूस माझं तोंड बघून हळहळतो, "अरेरे मास्तर, पाटील कधी गेले?" मी त्याला खाली बसवतो, आणि पाटील धडधाकट आहेत इथपासून सुरू करून धोंडू न्हाव्यापर्यंत सगळं सांगतो.