आजोबांचा पितळी बिल्ला

माझे आजोबा पळून गेले नव्हते.

एवढं एक वाक्य ऐकायला माझी आत्या अख्खा जन्म थांबली.
आज सकाळी ती गेली.

आजोबा निजामाच्या रेल्वेत चावीवाले. परभणी-परळी ब्रँच लाईनवर हातोडा घेऊन रोज पायी फिरायचं, रुळाच्या ढिल्या चाव्या ठोकायच्या.

पावसाळ्यात हद्दीच्या टोकाला पलीकडचा चावीवाला भेटायचा. दोघं आपापले पितळी बिल्ले बदलायचे. त्याचा बिल्ला घेऊन परतलात, म्हणजे पूर्ण हद्द चाललात. पुरावाच तो!

एका पावसाळ्यात आजोबा ड्यूटीवर गेले, ते आलेच नाहीत.
आत्या सहा वर्षांची. माझे वडील कडेवर.

कागदावर 'फरार' लागलं. गावाला तर विषयच मिळाला. "हैदराबादला दुसरं घर केलं म्हणे!"

आजीनं मरेपर्यंत कुंकू लावलं. बायका त्यावरही हसल्या. मला आजही संताप येतो.

पितरपाटात आजोबांचं पान कधी वाढलं नाही. जिवंत माणसाचं कसं वाढणार?

आत्या चिडली की म्हणायची, "आबा मला टाकून गेला." मग स्वतःच रडायची.

दोन वर्षं मी गंगाखेडकडची जुन्या रेल्वेवाल्यांची घरं पालथी घातली. लोकांना वाटायचं, बाई स्थळ घेऊन आली. चहा मात्र सगळ्यांनी पाजला.

शेवटी एक म्हातारे काका भेटले. त्यांचे वडील म्हणजे आजोबांच्या पलीकडचे चावीवाले. काकांनी डब्यातून एक बिल्ला काढून माझ्यापुढं ठेवला.

"आमच्या बापाला त्या दिवशी लय ताप होता, ताई. उठवंना. तुमचे आजोबा त्येंची हद्द बी चालून आमच्या घरी आले. बिल्ला बदलला अन् माघारी फिरले. मदी वढ्याला पूर आल्ता."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"बापाची नोकरी गेली असती ना. मरताना आमाला सांगितलं. लय रडले."

मला भांडायचं होतं. बिल्ला तेवढा मागून घेतला.

घरी येऊन तो आत्याच्या हातात ठेवला. वयानं तिला आता दिसत नव्हतं. अंगठ्यानं कड चाचपत एका जागी थांबली.

"हा पोचा मी पाडलाय! चिंचोके फोडायलते यानं. आबा लय हसला होता."

तिनं बिल्ला पदरानं पुसला.

"म्हंजे, माघारी फिरला होता?"
"हो आत्या."
"घराकडंच यायलता?"
"घराकडंच."

त्या वर्षी पितरपाटात आजोबांचं पान पहिल्यांदा वाढलं. आत्या समोर बसून राहिली, जेवली नाही.

आज तिला न्यायच्या वेळी बिल्ला तिच्या मुठीत होता. काढायला गेले, पण मन होईना. राहू दिला.

आत्या, आजोबा भेटले तर रुसू नकोस गं.
बिल्ला त्यांचा त्यांना दे.
ड्यूटी संपली म्हणावं, आता घरी चला.