बदामच्या राणीची भुवई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज ज्याच्याबरोबर चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर बहुतेक तुम्हालाही थापच मारली असती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. महाडला एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायचो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, लग्नाळू मुलींची परिचयपत्रं — सगळं कोरल नावाच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये. बाजारात माझं नाव होतं, पोरगा चित्रं फर्मास काढतो म्हणून. खरं सांगू? मला चित्र काढताच येत नव्हतं. फोटो स्कॅन करायचा, त्याच्यावरून रेघा ओढायच्या आणि शेवटी खालचा फोटो उडवायचा. उरलं ते आपलं. एवढीच कला, आणि तोरा केवढा!

त्या पावसाळ्यात बिरवाडीकडच्या एका कारखान्याची ऑर्डर आली. गणपतीला गावी जाणाऱ्या कामगारांना भेट म्हणून पत्त्यांचे कॅट. राजा-राणी आपल्याकडचे हवेत — फेटा, नथ वगैरे. पत्त्यावरचं चित्र तसं सोपं असतं. कमरेपर्यंत अर्धंच काढायचं, त्याचीच कॉपी उलटी फिरवून खाली जोडायची. राजे झाले, गुलाम झाले, बदामची राणी मात्र जमेना. नट्यांचे फोटो घेऊन पाहिले, तर त्या लगेच ओळखू यायच्या. मग कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलेला एक स्कॅन उघडला.

सुनंदाचा. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीवरची मुलगी. उन्हाळ्यात तिचे वडील परिचयपत्र करायला आले होते. तिच्या डाव्या भुवईत खाच होती, लहानपणी विळा लागल्याची. ती जमलं तर झाक, असं ते अगदी संकोचून म्हणाले होते. परिचयपत्रात मी झाकली. राणी काढताना मात्र तिथली रेघ सलग ओढली की चेहरा मेल्यासारखा दिसायचा. मी खाच ठेवली. प्रेमबिम काही नव्हतं हो — निदान तेवढं तरी असायला हवं होतं.

तिची सोयरीक त्याच कारखान्यातल्या मुलाशी जमलीय, हे मला ठाऊक नव्हतं. गणपतीत आरती झाली की आमच्याकडे घरोघर पत्ते बसतात. मुलाने आणलेला नवा कॅट त्याच्या घरी फोडला गेला, आणि त्याच्या चुलत्याच्या हातात होणारी सून आली. मग ती त्या घरात सगळ्यांच्या हातातून फिरली.

सुनंदाचे वडील तो पत्ता खिशात घालून आले. काउंटरवर ठेवला. भुवईवर बोट ठेवून म्हणाले, "बाला, फोटो मी तुलाच दिलेला. ही माझी पोर हाय का नाय, येवढंच सांग. छापणाऱ्याची चूक हाय म्हणून पोराच्या घरच्यांना सांगीन. ऐकतील ते."

फक्त 'हो' म्हणायचं होतं. छापखान्याचे शेठ शेजारी बसलेले, गिऱ्हाईकं उभी. नोकरी गेली असती? कदाचित. चित्रकार म्हणून असलेली फुशारकी तर नक्कीच गेली असती. तेवढ्यासाठी — हो, तेवढ्यासाठीच — मी म्हणालो, "काका, राणीसाठी फोटो कारखान्यातल्याच एका मुलाने आणून दिला होता. त्याच्याकडे कसा आला, ते तुमच्या मुलीला विचारा."

असा कोणी मुलगा नव्हता. तो मी तिथे उभ्या उभ्या तयार केला.

 म्हातारा पत्ता उचलून निघून गेला. त्याने तिला विचारलं असणार. ती काय सांगणार? लग्न मोडलं, पुढे कुठेच जमलं नाही. वाडीची माणसं बाजाराला यायची, त्यांच्याकडून कळायचं — बाप लेकीशी बोलत नाही. ती भाकरी वाढते, तो खाली बघून जेवतो. मी एकदा सगळं सांगून टाकायला निघालो होतो. पोलादपूर स्टँडवर उतरलो, वडापाव खाल्ला आणि परतीच्या गाडीत बसलो. त्या दिवसाची मला आजही किळस येते.

काही वर्षांनी तो छापखाना माझा झाला, आणि एका दुपारी सुनंदा आली. मी ओळखलं — भुवईवरून. बाप वारला होता, भिंतीला लावायला त्याचा फोटो मोठा करायचा होता.

मी स्कॅन करत होतो. ती काउंटरला टेकून उभी होती. म्हणाली, "शेवटी तरी आबा बोलतील असं वाटलेलं. नाय बोलले." आणि मग, "दादा, तुमी तवा हितंच होतात ना? त्या कारखान्यातल्या पोराचं नाव काय होतं हो? मला कधी कळलंच नाय."

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. आठवत नाही, म्हणालो.

तिने मान हलवली आणि फोटो कधी मिळेल ते विचारलं.