सुशीच्या आईचं वेळापत्रक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही धड नाही. पलटणीत मढी उचलली आहेत... एकही उठून बसलं नाही. शिक्षण चौथी. चुकलंमाकलं संपादकांनी बघून घ्यावं.

विट्याजवळ आमचं दोन खोल्यांचं घर. कारभारीण दिवाळीनंतर तापानं गेली. मागं मी आणि धाकटी लेक सुशी — मॅट्रिकला बसलेली. मेव्हणा तेराव्यालाच म्हणाला, "दाजी, नापास झाली तर लगीन उरकून टाका. लय शिकवली."

सुशीच्या आईला अक्षर येत नव्हतं. पण लेकीच्या अभ्यासाची आखणी तीच करायची — स्वैपाकघराच्या भिंतीवर, बोटानं ठिपके देऊन. गणिताला हळद, इंग्रजीला कुंकू, इतिहासाला कोळसा. एक ओळ म्हणजे एक दिवस. ती गेल्यावर मी भिंतीला चुना मारला आणि पलटणीच्या शिस्तीचा कागद डकवला. पहाटे चारपासून गणित, जेवण, परत गणित. गणित आलं की बाकीचं आपोआप येतंय, ही माझी अक्कल.

महिन्याभरात पोर वाळली. पुस्तक उघडून नुसती बसायची.

"काय वाचतीस?"

"कुठं काय, आबा. डोस्क्यात जातच न्हाई."

परीक्षेआधी साडेतीन आठवडे दोघं म्हसवडला सिद्धनाथाला गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. दाराला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. आत माझा कागद होता तसाच — आणि शेजारी चुन्यावर ठिपक्यांच्या ओळी. रोज थोडी हळद, थोडं कुंकू, थोडा कोळसा. हळदीला बोट लावलं, ओली होती. कुंकू तर घरात नव्हतंच. सुशी काळं गंध लावते, आणि तिच्या आईची डबी मी चितेवर ठेवली होती.

ओळी मोजल्या. वीस. साताऱ्याला परीक्षेला निघायला दिवस होते एकवीस.

सुशी त्या ओळींप्रमाणे वाचत गेली. जेवायलाही लागली. एकविसाव्या दिवशी मी म्हणालो, "आज गणितं कर."

"आवं आबा, आज आईनं सुट्टी दिलीया."

मग दोघं दारात बसलो. ती म्हणाली, "आई गेल्यापास्नं तुमी तिचं कायबी बोलला न्हाई."

बोललो. दिवस मावळेपर्यंत तिच्याबद्दलच बोललो.

सुशी पास झाली. मेव्हण्याला पेढा दिला, त्यानं गुमान खाल्ला. ठिपक्यांचं मात्र अजून कळत नाही. मी काढले नाहीत. सुशी माझ्याबरोबर होती. घरात तिसरं माणूस नाही... असं मी लोकांना सांगतो.