जाळीला खोळ ठेवू नको, दादा

रत्नागिरीला कधी जावं, असं वाचक विचारतात तेव्हा मी सांगते, आंब्याचा मोसम सोडून कधीही. मे महिन्यात अर्धं पुणे पेट्या भरायला तिथे उतरलेलं असतं, आणि पुणेकरांनाच भेटायचं तर त्यासाठी घाट उतरायची गरज नाही. आम्ही जानेवारीत गेलो. कलमं मोहोरली होती, हॉटेलं रिकामी होती आणि आम्हाला निमित्त होतं प्रणालीच्या गुडघ्याचं.

प्रणाली माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. ती बास्केटबॉल खेळते. खेळते म्हणजे संध्याकाळी सोसायटीच्या आवारात घाम काढते असं नव्हे. एका सरकारी कंपनीच्या महिला संघात खेळते आणि त्याचाच पगार घेते. हे आमच्या नात्यात अजून अनेकांना पटलेलं नाही. "हो, पण नोकरी काय करते?" असं लग्नाकार्यात मला दर वेळी विचारतात, आणि मी दर वेळी "चेंडू टाकते" असं उत्तर देते.

तर या पोरीच्या गुडघ्यातलं लिगामेंट गेल्या वर्षी कोल्हापूरच्या सामन्यात तुटलं. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, आणि संघाच्या कोचबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं: रत्नागिरीत निमंत्रितांची स्पर्धा आहे, तिथे खेळून दाखव. गुडघा चालला तर संघात, नाही तर मुंबईच्या ऑफिसात कायमचं टेबल. आता टेबल काही वाईट नसतं. माझं सगळं आयुष्य टेबलामागे गेलंय, म्हणून तर ते मला तिच्या वाट्याला यायला नको होतं.

शुक्रवारी पहाटे निघालो. गाडी आमचे हे चालवत होते. हे मूळचे सदाशिव पेठेतले, त्यामुळे घाट उतरला की परदेश सुरू होतो असं त्यांना मनापासून वाटतं. रस्त्याचं विचाराल तर कऱ्हाडपर्यंत हायवे, तिथून मलकापूर, मग आंबा घाट. पेट्रोल मलकापुरात भरून घ्या. घाटात सकाळी धुकं असतं, तेव्हा रील काढायला वळणावर थांबू नका. मागून ट्रक येतो आणि त्याला तुमच्या फॉलोअर्सचं कौतुक नसतं. उतरल्यावर साखरप्याला भजी खाल्ली, चहा घेतला. पाली गेलं, हातखंब्याला पोचलो. चौपदरीकरणाचं काम इतकी वर्षं चाललंय की तिथली पोरं त्या खड्ड्यांवर सायकल शिकून आता मोटारी चालवतात. दुपारी रत्नागिरीच्या मासळी बंदरावर, मिरकरवाड्यात माहेरी.

रात्री जेवायला बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. प्रणाली संघाबरोबर हॉटेलात उतरली होती, पण जेवायला घरी आली. दारातून आत येताना अजूनही वाकते. सहा फुटांना थोडीच कमी आहे.

"उद्या येतोस ना मॅचला?" मी दादाला विचारलं.

"उद्या बोट लागतेय."

"मग परवा?"

"परवा जाळी दुरुस्त करायची हायत."

"फायनल आहे परवा. पोचल्या तर."

"तू गप जेव. बांगडा थंड होतोय."

प्रणाली ताटातून मान वर न करता म्हणाली, "आत्या, सोड. बाबांनी स्वतःला किनाऱ्यावर ठेवलंय."

हे समजायला आमच्याकडची एक रीत माहीत असायला हवी. एखादा माणूस बोटीवर असला की जाळं दोन-तीनदा रिकामं येतं. मग त्याला कोणी शिव्या देत नाही, भांडत नाही; पुढच्या फेरीला फक्त कोणी हाक मारत नाही. तोही समजतो आणि किनाऱ्यावर राहतो. दादा उभं आयुष्य तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. लेकीच्या मॅचच्या वेळी हा समुद्रात, आणि हा घरी तेव्हा लेक दुसऱ्या राज्यात. आता वय झालं, स्वतः जात नाही, बोट आली की धक्क्यावर उभा राहतो. म्हणून गेल्या वर्षी पहिल्यांदा तिचा खेळ बघायला एसटीने कोल्हापूरला गेला, आणि त्याच मॅचमध्ये ती पडली. त्यानंतर मोबाइलवर तिचा व्हिडिओ लागला तरी उठून पडवीत जातो.

"मनात घेतलान हाय त्यांनी," वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाली. "त्यांना नको विचारू गो."

गंमत म्हणजे या पोरीला खेळाडू केलं ते दादानेच, आणि तेही चुकून. ती सहावीत असताना शाळेने कातळावर एक खांब रोवला, त्याला फळी आणि लोखंडी रिंग लावली. जाळी घ्यायला पैसे उरले नाहीत. सर दादाकडे आले, म्हणाले, एवढी जाळी विणून द्या. दादाने ट्रॉलरच्या दोरीची सुरेख जाळी विणली आणि आयुष्यभराच्या सवयीने तिला खाली खोळ ठेवली. खोळ म्हणजे जाळ्याचं बंद टोक, जिथे मासळी साठते. पहिला चेंडू आत गेला आणि जाळीतच बसला. दादा अभिमानाने म्हणाला, "बघा, सुटत नाय."

आमच्याकडे तांडेलाच्या जाळ्याला नाव ठेवायची पद्धत नाही. सरांनी एक काठी आणून ठेवली. पोरं चेंडू आत गेला की काठीने वर ढकलून काढायची. प्रणाली मात्र काठीला हात लावेना. बापाच्या कामात काठी घालायची तिला लाज वाटायची. ती चेंडू टाकायची, धावत रिंगखाली जायची आणि उडी मारून खालून बुक्की हाणायची. आधी हात पोचायचा नाही. मग पोचायला लागला. ती जाळी कुजून पडेपर्यंत ही पोर दर चेंडूमागे उडी मारत होती.

पुढे जिल्ह्याच्या संघातून राज्याच्या संघात गेली, आणि खेळाच्या कोट्यातून चेन्नईच्या एका कॉलेजात. तिथल्या पहिल्या सरावात तिने चेंडू टाकला, सवयीने रिंगखाली धावली, उडी मारली, आणि उघड्या जाळीतून आलेला चेंडू सरळ नाकावर बसला. पोरी हसल्या. तिथला प्रशिक्षक हसला नाही. बाकीच्या पोरी चेंडू टाकून तो पडतो की नाही ते बघत उभ्या राहायच्या. ही एकटी त्याच्या पाठोपाठ जायची. चुकलेला चेंडू रिंगवरून उसळला की सगळ्यांच्या आधी हिचा हात तिथे. याला रिबाउंड म्हणतात आणि त्यावर तिचं सगळं करिअर उभं आहे. हॉस्टेलात सुकट भाजल्याबद्दल दोनदा दंड भरून ती कॉलेजची कॅप्टन झाली, विद्यापीठाचं पदक आणलं, कंपनीच्या संघात गेली, एक मोसम बँकॉकला लीग खेळून आली. आमच्या घराण्यात बोटीशिवाय परदेशी गेलेली ती पहिली.

शनिवारी सकाळी मिरकरवाड्याचा लिलाव पाहायला ह्यांना घेऊन गेले. तुम्हीही जा, पण आवडते बूट घालून जाऊ नका आणि बर्फाच्या गाडीसमोर उभे राहू नका. दादाची बोट लागली होती. कोळंबीच्या टोपलीवर भाव चालला होता, आणि एक बाई नाक मुरडून म्हणत होती, "ही काय कोळंबी? समुद्रानं नको म्हणून परत पाठवलान हिला." तिनेच ती टोपली घेतली. मग दादाकडे वळली.

"तुमची पोर खेळतेय ना आज? जाणार नाय?"

"बोट लागलीय."

"बोट कधीच रिकामी झाली. तुमी काय लाटा मोजताव?"

दादाने बर्फ मोजायला घेतला.

संध्याकाळी आम्ही तिघंच मैदानावर गेलो: मी, हे आणि वहिनी. सिमेंटचं उघडं कोर्ट, एका बाजूला मांडव, बसायला पायऱ्या, प्रवेश फुकट. वडापाव मात्र गरम मिळतो, तो घ्या. प्रणालीला थोडाच वेळ उतरवलं. ती पळाली, पास दिले, सगळं नीट केलं, आणि एकदाही उडी मारली नाही. संघ जिंकून फायनलला गेला. कोचबाई केरळच्या, उंच, गळ्यात शिट्टी. त्यांनी फक्त तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. वहिनीला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ती हळूच म्हणाली, "पोर जमीन सोडत नाय गो."

त्यात दुसरंच काहीतरी निघालं. शेवटच्या मिनिटांत एका रिंगची जाळी, खारट वाऱ्याने कुजलेली, फाटून खाली आली. पंच म्हणाले, जाळीशिवाय फायनल होणार नाही. चेंडू आतून गेला की बाहेरून, कळत नाही. आयोजकांनी कपाळाला हात लावला. उद्या रविवार, खेळाच्या सामानाचं दुकान बंद. सगळ्या रत्नागिरीत मैलच्या मैल जाळी पडलेली, आणि हातभर जाळी मिळेना.

"आमच्या बाबांना सांगा," प्रणाली म्हणाली. तिच्या आवाजात जरा जास्तच शांतपणा होता, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी दादा पडवीत बसून विणत होता. आयोजकांचा माणूस रिंगचं माप देऊन गेला होता. मी चहा घेऊन शेजारी बसले.

"जाळीला खोळ ठेवू नको, दादा."

"आता तू शिकव मला."

"आठवण केली फक्त."

"खोळ नाय तर ती जाळी कसली गो? नुसतं भोक." पण टोक मोकळं सोडत गेला. मग सुईकडे बघत, "गुडघा कसा हाय तिचा? खरं सांग."

"काल उडी मारली नाही तिने."

त्याने एक गाठ उसवली आणि परत घातली.

दुपारी तो जाळी घेऊन मैदानावर आला, शिडीवर चढला, एकेक आकडा लावला, ओढून पाहिला. खाली उतरला आणि टोपी सारखी करून निघाला. प्रणाली सराव सोडून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"कुठे चाललात?"

"घरी."

"नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात टाकताना विणणारा बोटीवर लागतो. तुम्हीच सांगता ना?"

हीसुद्धा आमच्याकडची रीतच. विणणारा सोबत नसेल तर नवं जाळं टाकत नाहीत. दादा उभा राहिला. एक रीत त्याला घरी जा म्हणत होती, दुसरी थांब. आमचे हे माझ्या कानात कुजबुजले, "याला घटनापीठ लागेल." मी त्यांना कोपर मारलं.

"जाळीपुरता थांबतो," दादा शेवटी म्हणाला. "तुला बघणार नाय."

आणि त्याने ते पाळलं. पहिला अर्धा वेळ प्रणालीचा संघ पलीकडच्या टोपलीत चेंडू टाकत होता. दादा अलीकडच्या त्याच्या जाळीखाली बाजूला उभा, मान वर, जणू कोणी ती चोरून नेणार आहे. पलीकडे पोरगी पळतेय, लोक ओरडतायत, हा ढिम्म. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता दादाच्या जाळीत चेंडू टाकायचा होता तो प्रणालीच्या संघाला.

संघ मागे पडला होता. कोचबाईंनी तिला परत मैदानात उतरवलं. शेवटच्या मिनिटात एका पोरीने लांबून चेंडू मारला, तो रिंगवर आपटून उसळला. बाकी सगळ्या मागे वळल्या होत्या. प्रणाली जाळीखाली होती. मी वहिनीचा हात धरला, की तिने माझा, आठवत नाही. पोर उडाली. दोन्ही पाय जमिनीपासून सुटले, हात वर गेला, आणि तिने चेंडूला खालून ढकललं, अगदी सहावीतल्यासारखं, फक्त मूठ उघडी ठेवून. चेंडू रिंगवर फिरला, आत गेला आणि दादाच्या मोकळ्या जाळीतून सुर्रकन खाली आला. ती ऑपरेशन झालेल्या पायावर उतरली आणि पळत सुटली.

शिट्टी झाली तेव्हा संघ एका गुणाने हरला होता.

कोचबाई तिच्याजवळ आल्या. "घुटना देखना था," त्या म्हणाल्या. "देख लिया. सोमवार को आराम, मंगल से प्रॅक्टिस." झालं. एवढ्यात एका पोरीचं पुढचं आयुष्य ठरलं, आणि मी आयुष्यभर ऑफिसात बैठकांवर बैठका भरवल्या.

प्रणाली दादाकडे आली.

"हरलात ना," तो म्हणाला. "मी सांगत होतो."

"उडी बघितलीत?"

"मी जाळी बघत होतो."

"मग जाळीत मी नाही दिसले?"

दादाने टोपी काढली, झटकली, परत घातली. "दिसलीस. उंच गेलीस." मग वर जाळीकडे बघून, "काठी लागली नाय."

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. रत्नदुर्ग पाहिला नाही, थिबा राजवाडा पाहिला नाही, भाट्याच्या किनाऱ्यावर पाय ओले केले नाहीत. त्याबद्दल दुसरे ब्लॉग वाचा, पुष्कळ आहेत. प्रणालीला मुंबईच्या गाडीसाठी स्टेशनवर सोडलं. तिची बॅग उचलून देताना वरची चेन उघडी दिसली. आत गुंडाळलेले टॉवेल, पट्ट्या, आणि त्यांच्या खाली, न फोडलेल्या पाकिटात, बास्केटबॉलच्या रिंगची कोरी जाळी. मी तिच्याकडे पाहिलं. तिने चेन लावली.

"आत्या, घाटात सांभाळून जा," ती म्हणाली.

पुण्यात येऊन आठवडा झाला. गाडीला अजून मासळीचा वास आहे आणि ह्यांची त्यावर भाषणं चालू आहेत. लग्नातल्या लोकांना काय सांगायचं ते मात्र माझं बदललंय. परवा एकीने विचारलंच, "पण नोकरी काय करते?" मी म्हटलं, "उड्या मारते. आणि त्यासाठी तिला पगार देतात."

काल रात्री दादाचा फोन आला. तो स्वतःहून फोन करत नाही, म्हणून मी आधी वहिनीची तब्येत विचारली.

"तिची पुढची मॅच कुठे हाय?"

"हैदराबादला म्हणत होती."

"तिकडे जाळी कोण विणतं?"

"कोणी विणत नाही रे. मशीनवर होतात. पाकिटातून येतात."

मागे वहिनीचा भांड्यांचा आवाज येत होता.

"मशीनवर," तो म्हणाला. "म्हणजे विणणाराच नाय. मग कोणीतरी जायला हवं की."